दिघीची कप्पी निघाली मजार-ए-शरीफला

मी एक जुनी कप्पी आहे. आता लगेच तोंडं वाकडी करू नका, मित्रांनो! कप्पी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही, पैज लावते. मचव्याच्या उंच डोलकाठीला, अगदी शेंड्याजवळ, लाकडी घरात बसवलेलं एक चाक असतं. त्या चाकावरून दोर फिरतो आणि खालून खलाशांनी ओढला की भलंमोठं शीड सरसर वर चढतं. ते चाक म्हणजे मी. मी फिरले तर मचवा मुंबईला जाणार. मी अडून बसले तर मचवा म्हणजे पाण्यावर ठेवलेलं टोपलं.

आणि अडून बसायची मला भारी हौस!

माझा जन्म एकोणीसशे एकवीस सालचा, दिघीच्या किनाऱ्यावरचा. रघू सुतारानं मला घडवलं. अंग सागाचं, चाक खैराचं. चाकाला भोक पाडताना तो आपल्या सासूची नक्कल करून दाखवत होता. सगळे हसत होते, तोही हसत होता, आणि भोक केसभर तिरकं पडलं. झालं! फिरवलं की मी ओरडायला लागले, "कुर्रर्र… कुईं!"

"बोलकी निघाली," रघू म्हणाला. "तेल घाला, होईल गप."

कुठली गप होतेय! खोबरेल पाजलं की दोन दिवस गोड वागायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. नवा खलाशी आला की पहिल्याच दिवशी त्याच्या बोटाचा चिमटा काढायचा, हा तर माझा नेमच होता. तो बोंबलायचा, बाकीचे हसायचे आणि त्याला सांगायचे, "आता तू आमचा झालास!"

आमच्या मचव्याचं नाव दर्यादौलत. कौलं, नारळ, सुपारी भरून मुंबईला जायचं आणि तिकडून कापड, साखर घेऊन यायचं. मचव्याचा मालक आणि तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, कमरुद्दीन. त्याची हाळी ऐकायला हवी होती तुम्ही! शीड चढवताना तो पुढं उभा राहून असा काही आवाज काढायचा की खाडीपलीकडं आगरदांड्याच्या कोंबड्या दचकून उडायच्या. तो ओरडायचा, "चला रंऽऽ!" आणि खलाशी दोर ओढत उत्तर द्यायचे, "हैऽऽस्सा!" त्या दोन आवाजांच्या मध्ये मी फिरायची. तेवढ्या वेळात मात्र खोडी नाही. शप्पथ.

तांडेलाचा उजवा हात म्हणजे हरेश्वर. हा मूळचा उरणचा, बाप मिठागरावर कामाला. हरिहरेश्वराला नवस करून झाला म्हणून हरेश्वर. तोंड जरा मोठं, पण काळीज त्याहून मोठं.

दर हिवाळ्यात आमच्या मचव्यावर एक पाहुणा यायचा, सैफू खान. हा हिंग विकायला थेट अफगाणिस्तानातून यायचा, गावोगाव फिरायचा आणि शिमगा जवळ आला की परत जायचा. त्याच्या अंगाला हिंगाचा इतका वास यायचा की टोपलीतले सुके बोंबीलसुद्धा लाजायचे. डोलकाठीला पाठ लावून बसायचा आणि आपल्या गावाच्या गोष्टी सांगायचा. गावाचं नाव मजार-ए-शरीफ.

"तिकडे हजरत अलीचा मजार हाय. सगला निला निला," तो हात पसरून सांगायचा. "कबुतर सफेद, हजारो. काला कबुतर आला ना, तो पण चालीस दिन में सफेद होते. लोक बोलते असा."

"चाळीस दिस?" हरेश्वर म्हणायचा. "आमच्या तांडेलाची दाढी पोरीच्या लग्नात चार दिसांत सफेद झाली!"

"आन् नवरोजला झंडा उभा करते," खान सांगायचा. "एवढा उंच! तुमच्या डोलकाठीसारखा. जमिनीत!"

"जमिनीत डोलकाठी?" तांडेल हसायचा. "मंग शीड कुठं लावता? खान, हिंगाची नशा चढते वाटतं तुला."

हसणं संपलं ते चौतीस सालच्या कार्तिकात. कौलं भरून मुंबईला जाताना खांदेरी बेटाजवळ तुफानानं आम्हाला गाठलं. शीड अर्धं फाटलं, डोलकाठी वेतासारखी वाकली, आणि सगळा भार आला माझ्यावर. मित्रांनो, मी थट्टा करत नाही. माझ्या गालाला त्या दिवशी जी चीर पडली ती अजून आहे. हरेश्वर ओरडत होता, "हरिहरेश्वरा, वाचव रं!" आणि तांडेल डोलकाठीला मिठी मारून ओरडत होता, "या अली! हा दोर टिकू दे, ही कप्पी टिकू दे! त्या खानाचा झंडा उभा राहील त्या दिवशी ही कप्पी घेऊन तुझ्या दरबारी येईन!"

मी टिकले. दोर टिकला. सगळी माणसं घरी आली.

सगळी आली, पण तांडेलाची हाळी आली नाही. पंधरा दिवसांनी नवं शीड बांधून मचवा तयार केला. खलाशांनी दोर धरला. तांडेल पुढं आला, तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. फुस्स! पुन्हा उघडलं. पुन्हा फुस्स. एरवी बोलता येत होतं त्याला, भांडताही येत होतं, पण मचव्यावर पाय ठेवला की हाळी घशातच बसायची. तो गुपचूप फळीवरून खाली उतरला. मला काढून घरी नेलं. पुढच्या आठवड्यात त्यानं बंदरावर चहाचं दुकान टाकलं. समुद्राकडं पाठ करून बसायचा. आणि मी? मी दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला! माझ्यावर चहा गाळायचं ओलं फडकं वाळत घालायचे! तुफानाशी झुंजलेली मी, आणि माझ्या नाकावर चहाचं फडकं. काय म्हणावं!

तांडेलाची बायको सकीना फार धारदार बाई. एक दिवस दुकानात येऊन उभी राहिली.

"नवस बोललात नं अलींना?"

"बोललो."

"मग फेडा. खान निघालाय पुढच्या हप्त्यात, त्याच्याबरोबर जा. खर्चाला माझ्या बांगड्या मोडा, त्या काय लोणच्यात घालायच्यात?"

तांडेल मान खाली घालून म्हणाला, "जातो. पण सकीना, ही कप्पी तिथंच ठेवून येणार मी. नवस पण फिटंल आणि दर्या पण सुटंल. मचवा विकून टाकू."

माझं चाक जागच्या जागी थिजलं. मला तिथं ठेवणार! जिथं समुद्र नाही, मचवा नाही, शीड नाही तिथं!

सकीनानं मला खिळ्यावरून काढलं. तिथनं निघाली ती सरळ हरेश्वराकडं गेली. जाताना मला कमरेला लावलं होतं, तेल पाजायचं निमित्त करून, म्हणून मी सगळं ऐकलं.

"हरेश्वर भाऊ, तुम्ही पण जायचं."

"मी? भाभी, शिमगा तोंडावर हाय! शिमगा बुडवून कोकणातला मानूस कुठं गेलाय काय?"

"ती कप्पी तिथं राहिली तर माझा नवरा पण तिथंच राहिला, असं समजा. इथं परत येईल ते चहाच्या पातेल्यावर बसलेलं एक गाठोडं. कळलं? दोघांना परत आणा."

हरेश्वरानं डोकं खाजवलं. "बरं. पन पुढल्या शिमग्याला पुरनपोळी दोन्ही घरची खानार मी."

असे आम्ही निघालो. बोटीनं मुंबई, मग तीन दिवस रेल्वे, पेशावर. तिथनं लॉरी. तांडेलाच्या पिशवीत मी, चार नारळ आणि एक हिरवी चादर. नारळ कशाला? अहो, आमच्या कोकणात दर्ग्यात जायचं तर नारळ हवाच! तांडेलाला वाटलं, जगात सगळीकडं असंच असणार.

सरहद्दीच्या चौकीवर एका मिशाळ शिपायानं पिशवी उलटी केली. नारळ उचलला, हलवला. आत पाणी डुचमळलं. तो दोन पावलं मागं सरकला. मग मला उचललं, चाकात बोट घातलं आणि फिरवलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? आलेली संधी सोडायची?

"आऽऽय!" शिपाई बोट झटकत नाचला. बंदुका वळल्या. तांडेलाचा चेहरा पांढरा पडला. पण हरेश्वरानं झटक्यात आपलं स्वतःचं बोट पुढं केलं, त्यावरचा जुना वण दाखवला आणि शिपायाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता तू आमचा झालास!" खानानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मग चौकीतले सगळे पोट धरून हसायला लागले. त्या शिपायानंच आम्हाला चहा पाजला. हिरवा, बिनदुधाचा.

"ह्यापरीस आपल्या दुकानाचा बरा," हरेश्वर कुजबुजला.

"गप पी," तांडेल म्हणाला. पण ओठाच्या कोपऱ्यात हसला. पाहिलं मी.

काबूल मागं पडलं आणि लॉरी डोंगर चढायला लागली. नवा काढलेला रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. कंटाळा आला होता, म्हणून मी हळूच सुरू केलं, "कुर्रर्र… कुईं!" ड्रायव्हरनं कान टवकारले. लॉरी थांबवली, खाली वाकून चाकं तपासली, काही सापडलं नाही. पुन्हा निघालो. "कुर्रर्र… कुईं!" पुन्हा थांबला, लॉरीखाली आडवा झाला, तोंडाला काळं फासून बाहेर आला. तिसऱ्या वेळी तर आख्खी लॉरी रिकामी केली त्यानं! प्रवासी उतरले. समोर सगळा डोंगर पांढराशुभ्र.

हरेश्वर जागीच खिळला.

"तांडेल! मीठ! बघा की, किती मीठ! ह्यांच्या मालकाला काय अक्कल हाय का न्हाय? एवढी रास उघडी टाकलीया! वर पेंढा न्हाय, झावळ्या न्हाय. एक सर आली की गेलं की सगळं!"

आणि मिठागराच्या त्या लेकानं मूठभर उचलून तोंडात टाकलं.

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. डोळे विस्फारले, गाल थरथरले. "आळणी हाय! आन् थंड! दात गेले माझे!"

खान हसून हसून खडकावर लोळला. "बरफ! बरफ हाय तो!" तांडेल तर रडेपर्यंत हसला. खांदेरीनंतर पहिल्यांदाच. आणि ते हसत असताना पिशवीला धक्का लागला, मी गडगडत बाहेर आले आणि ड्रायव्हरच्या पायाशी जाऊन ओरडले, "कुईं!"

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. पुढचा सगळा प्रवास मी त्याच्या वंगणाच्या डब्याशेजारी, चांगली माखून, गप्प.

आणि मग एका सकाळी ते शहर दिसलं.

मित्रांनो, मी समुद्राचे सगळे रंग पाहिलेत. डोलकाठीच्या टोकावरून पाहिलेत, तुमच्यासारखे किनाऱ्यावरून नाही. पण सपाट मैदानात मध्येच दोन निळे घुमट उभे राहिलेले बघून मला वाटलं, कुणीतरी आपला समुद्र उचलून उभा केलाय! भिंतीवर निळ्या फरशा, त्यात हिरव्या वेली, पिवळी फुलं. अंगणात पांढरी कबुतरं, इतकी की सगळी उडाली की सावली पडायची. वाटेवर कुणी उंटावरून आलेलं, कुणी गाढवावरून, कुणी महिनाभर चालत. रंगीत झगे, लोकरीच्या टोप्या, गळ्यात लाल फुलं. भाषा किती ऐकल्या मोजल्याच नाहीत. खानानं सातआठ प्रकारचा सुका मेवा भिजवलेलं पाणी आणून पाजलं. हरेश्वरानं तीन वाट्या रिचवल्या आणि चौथीला हात पुढं केला.

मग नारळाची गंमत झाली. तांडेलानं दारावरच्या म्हाताऱ्या सेवेकऱ्यापुढं नारळ धरला. आमच्याकडं तो फोडून अर्धा परत देतात, म्हणून तांडेल वाट बघत उभा. म्हाताऱ्यानं नारळ दोन्ही हातांनी घेतला, शेंडी कुरवाळली, कानाशी नेऊन हलवला आणि खानाला अगदी गंभीरपणे काहीतरी विचारलं.

"इचारते," खान म्हणाला, "कुठल्या पक्षीचा अंडा हाय?"

हरेश्वरानं पायरीबाहेरच्या दगडावर दुसरा नारळ फोडून दाखवला. पाणी म्हाताऱ्याच्या ओंजळीत, खोबरं सगळ्यांच्या हातात. म्हाताऱ्यानं बोळक्या तोंडात तुकडा घोळवला, डोळे मिटले आणि तांडेलाच्या डोक्यावर हात ठेवला. काय पुटपुटला ते खानानं सांगितलं नाही. तांडेलानं विचारलंही नाही.

दुसरा दिवस नवरोजचा, नव्या वर्षाचा. अंगणात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यभागी तो झंडा आडवा ठेवलेला. लांबच लांब लाकूड, रंगीबेरंगी कापडांनी नखशिखांत गुंडाळलेलं. तांडेलानं मला पिशवीतून काढून छातीशी धरलं. त्याचं काळीज माझ्या चिरेवर धडधडत होतं.

"हे बघून झालं की त्या म्हाताऱ्याच्या हाती देतो हिला," तो हरेश्वराला म्हणाला.

हरेश्वराचे डोळे झंड्यावर. मीच म्हणत होते मनात, बोल की मेल्या! भाभीला काय तोंड दाखवणार आहेस?

झंड्याला माणसांनी हात घातले. लाकूड उठायला लागलं. सगळा जमाव गप्प. हरेश्वराला आपली होळी आठवली! आपल्याकडं शिमग्याला उंच झाड असंच गावानं मिळून उभं करतात आणि मग तोंडावर हात मारून बोंब ठोकतात. त्याचा हात आपोआप तोंडाकडं गेला, छाती फुगली…

तांडेलानं खाडकन त्याचं मनगट पकडलं. "हऱ्या! लाज हाय का? हितं बोंब मारतोस? दरबार हाय हा!"

"चुकलो, चुकलो! हात आपसूक गेला, तांडेल!"

तोवर झंडा अर्ध्यावर आला होता. मित्रांनो, डोलकाठी उभी करणाऱ्याला विचारा, सगळ्यांत जड वेळ हीच. आडवी असते तेव्हा जमीन भार घेते, उभी झाली की ती स्वतःच उभी राहते. मधल्या वेळी मात्र सगळा भार माणसांवर. तिथल्या बघणाऱ्यांना कळलं नसेल, पण तांडेलाच्या हाताला कळलं. त्याची बोटं माझ्या अंगावर आवळली गेली. मान मागं गेली. हऱ्याचं मनगट सुटलं. आणि दरबारात बोंब नको म्हणणारा तो माणूस असा काही ओरडला—

"चला रंऽऽऽ!"

दिघी बंदरावरची हाळी! तीच! घुमटावरची हजार कबुतरं एकदम उडाली. आजूबाजूचे लोक दचकून वळले. हरेश्वराचे डोळे भरून आले आणि त्यानं जिवाच्या आकांतानं उत्तर दिलं, "हैऽऽस्सा!"

"चला रंऽऽऽ!"

"हैऽऽस्सा!" आता खानही ओरडला. त्याच्या शेजारचा उंटवाला ओरडला. लोकरी टोपीवाला म्हातारा ओरडला. अर्थ कुणाला ठाऊक? पण भार उचलायचा आवाज सगळ्या मुलखात सारखाच असावा. "हैस्सा! हैस्सा!" आमच्या भोवतीची शंभर माणसं एका आवाजात. तिकडं त्यांनी त्यांच्या जोरावर आणि त्यांच्या दुव्यावर झंडा उचलला, न थांबता, न अडखळता, सरळ उभा. आम्ही त्याला बोटही लावलं नव्हतं. मग जो जल्लोष झाला तो काय सांगू! अनोळखी माणसं तांडेलाला मिठ्या मारत होती आणि तांडेल हसत होता, रडत होता, घसा धरून पुन्हा पुन्हा तपासत होता, जणू हरवलेली वस्तू खिशात सापडली.

त्यानं चादर चढवली, माझ्यासकट माथा टेकला. बाहेर आला तेव्हा तो म्हातारा सेवेकरी पायरीवरच होता. हरेश्वर अंगणात वाट बघत उभा होता. तांडेल मला हातात घेऊन म्हाताऱ्यासमोर थांबला.

मी चाक घट्ट धरून बसले. खोडी नाही, आवाज नाही.

हरेश्वर पुढं झाला. "ठेवता हिला?"

तांडेलानं त्याच्याकडं बघितलं, जसं एखाद्या खुळ्याकडं बघावं तसं. "ठेवली तर शीड कशानं चढवू? तुझ्या जिभेनं? पावसाळ्याला दोन महिने हाईत अजून. पाच खेपा होतील."

आणि मला पिशवीत टाकून भराभर चालायला लागला. हरेश्वर मागनं धावत होता, "तांडेल, थांबा की! तो मेव्याचा वाडगा राहिला माझा!"

चहाचं दुकान सकीनानं आम्ही पोचायच्या आधीच बंद करून ठेवलं होतं. कुणी सांगितलं तिला, देव जाणे. पण परत आल्यावर गावानं भलतंच आरंभलं. कप्पी जियारत, म्हणजे दर्ग्याची यात्रा, करून आली म्हणून मला कोनाड्यात बसवलं, फुलं वाहिली, ऊद जाळला. लोक हात लावून जायचे. मित्रांनो, चहाच्या फडक्यापेक्षा वाईट! तेल कुणी घालेना, फिरवेना. आठ दिवसांत माझं चाक आखडलं. सकीनानंच मला खाली काढलं. गावाला म्हणाली, "मी पण नमाज पढते. म्हणून काय भाकऱ्या थापायच्या सोडल्या? पाक-पवित्र झाली म्हणून कामाची सुट्टी न्हाय!" खोबरेल चोळलं आणि स्वतः मचव्यावर नेऊन दिलं.

म्हणून सांगते, पोरांनो. तुमच्या घरी असेल एखादी जुनी वस्तू. रहाट असेल, पाटा असेल, आजोबांची हातोडी असेल. तिला अडगळीत फेकू नका, हे तर सगळेच सांगतात. मी म्हणते, तिला डोक्यावरही घेऊ नका. पुसा, तेल घाला, चीर पडली तर खिळपट्टी मारा आणि कामाला लावा. काम बंद झालं की लाकूड सडतं. माणसाचंही तसंच असतं, हे मी एका चहाच्या दुकानात खिळ्याला लटकून पाहिलंय.

बरं, आता सरका बाजूला. दोरापासून लांब व्हा. भरती भरलीय, वारा आलाय, हरेश्वरानं तळहातावर थुंकी लावलीय, आणि तांडेलानं आत्ताच घसा साफ केला.

कानांवर हात ठेवा!